खिसा

एदुविना चिगुआयकडे पैसे चालत नाहीत.
म्हणजे ती घेते,
पण दुसऱ्या सकाळी तेवढ्याच मोलाचा पाव
फडक्यात गुंडाळून दारात ठेवलेला असतो.
म्हणून आम्ही बटाटे नेतो. जांभळे, मातीसकट.
नासारियो शिंपल्यांची बादली नेतो.
तेओफिलाकडे न्यायला कधीच काही नसतं,
ती चुलीपाशी बसून सुयांत दोरे ओवून ठेवते,
एका संध्याकाळी बारा सुया:
एदुविनाच्या अधू डोळ्यांची आठवड्याची बेगमी.

बेटावर दुकान एक. दोरा काळा,
आणि लाँच आली नसेल तर तोही नाही.
मग मास्तरांच्या कोटाला जाळ्याचा हिरवा नायलॉन,
माझ्या स्वेटरच्या कोपराला
सॅमनच्या कारखान्यातल्या फाटक्या रेनकोटचा
नारिंगी तुकडा.
"लपवायचं कशाला?" ती विचारते,
"ठिगळ काय चोरून आणलंय?"

जुलैत, ऐन थंडीत, ती कास्त्रोला गेली.
मोतीबिंदू. आधी एक डोळा, मग दुसरा,
महिनाभर भाचीकडे मुक्काम.
मशीनवर चादर घातली, हातचाक सुतळीनं बांधलं
आणि किल्ल्या द्याव्यात तसं
अंगुस्तान तेओफिलाच्या तळहातावर ठेवलं.
मला एक चिठ्ठी दिली. भाचीचा पत्ता.
"ये," म्हणाली नाही. नुसती दिली.

तो महिनाभर आभाळ फाटलेलंच होतं,
आणि त्याच्याखाली आमचंही फाटत राहिलं.
गुडघे, मोजे, पिठाची पोती, एक शीड.
नासारियोनं विजार शिवली ती जाळं विणल्यासारखी,
गाठीवर गाठ; बाकावर बसताना
हळूच "आई गं" म्हणायचा.
मास्तरांनी पाच बटणं लावली, ओळीत, सुरेख,
काजं होती चार.
तेओफिला आमच्या हातांकडे बघायची
आणि ओवलेल्या सुया पुढे करायची. हसायची नाही.

मी माझ्या कोटाचा खिसा शिवला.
उसवला होता तळाशी, मी शिवला तोंडाशी.
अस्तर, खिसा, कोट, तिन्ही एकात,
आणि टाके इतके घट्ट
की स्वतःवरच खूश झालो.

शुक्रवारी बटाट्यांची पिशवी घेऊन लाँचवर चढलो.
कास्त्रोच्या धक्क्यावर उतरून चिठ्ठी काढायला गेलो,
तर हात आत जाईना.
चिठ्ठी तिथंच आहे हेही मला ठाऊक नव्हतं,
वाटलं, घरी राहिली.
पावसात चढण चढलो. चिगुआय माहीत आहेत का,
एका बेकरीत विचारलं. बाई म्हणाली, कुठले चिगुआय?
तिथं रस्ताभर चिगुआय आहेत.
तिसऱ्या दाराला कुत्रं भुंकलं. मी परत फिरलो.
बटाटे घेऊन गेलो, बटाटे घेऊन आलो.
नासारियोनं विचारलं, कशी आहे?
मी म्हटलं, बरी आहे.

परवा ती आली. जाड चष्मा,
आणि सगळ्यांकडे अशी बघते
जणू आम्ही नवीनच राहायला आलोय.
मास्तरांचं पाचवं बटण तिनं काढलं नाही,
त्याला एक काज दिलं.
नासारियोच्या विजारीला हात लावून
फक्त "अरे देवा" म्हणाली.

माझा कोट तिनं दिव्याखाली धरला.
टाके एकेक करून उसवत गेली,
दोन बोटं आत घातली
आणि स्वतःचंच अक्षर बाहेर काढलं.
ओलं होऊन वाळलेलं, घडीवर फिकटलेलं,
पण वाचता येत होतं, आता तिलाही.

बराच वेळ चुलीत लाकूड चरचरत राहिलं.

"कुठपर्यंत गेला होतास, एलिसेओ?"
"बेकरीच्या पुढे. कुत्र्यापर्यंत."
"हं," ती म्हणाली, "त्याच्या शेजारचं दार."

चिठ्ठी तिनं टेबलावर ठेवली,
खिशाला नवा तळ लावायला घेतला,
पहिल्यापेक्षा चार बोटं खोल.
मी म्हटलं, उद्या बटाटे आणतो.
"तेच आण. फिरून आलेले."
"त्यांना कोंब फुटलेत."
"मग उकडायचे नाहीत," ती म्हणाली,
आणि दोरा दातांनी तोडला.