पाणी कुठवर आलं होतं

वहीत रकाने आखून आणले होते:
शाळा, दवाखाना, इंटरनेट, भाडं.
साताऱ्याला सात गुण, नाशिकला साडेसात,
कोल्हापूरचा रकाना अजून कोरा.

शुक्रवार पेठेत इंगवलेकाकूंनी कुलूप काढलं
आणि मी विचारायच्या आतच
जिन्याच्या सहाव्या पायरीवर टाच आपटून म्हणाल्या,
"हितवर आल्तं बघा पाणी.
उद्या कळणारच, लपवून काय करू?
वर माडीवर अठरा माणसं हुती आठ दिवस,
अख्खा बोळ, आणि कुणाचं तरी कुत्रं.
चटणी संपली, भाकरी न्हाई संपली."

निनादनं माझ्याकडे पाहिलं,
मी भिंतीकडे.
रंग नवा, पण आतून एक तपकिरी रेघ
हट्टानं वर आलेली.

ठाण्यात आमच्या चौदाव्या मजल्यावर
पाणी कधीच चढलं नाही.
तसं कुणीच चढलं नाही.
तापात फणफणलेली जुई घेऊन मी एकदा
समोरची बेल वाजवली होती,
दाराच्या भिंगात अंधार हलला, एवढंच.

जुई रेघेला पाठ लावून उभी राहिली,
उंची मोजताना राहते तशी, टाचा टेकवून.
"माझी कुठपर्यंत येते?"
तेवढ्यात दारात चेंडू आला, मागून एक पोरगं:
"गोलकीपर पायजे, येतीस काय?"
ती गेलीसुद्धा. चप्पल राहिली.

संध्याकाळी गंगावेशीत, म्हशीशेजारी उभ्यानं
फेसाळ दुधाचा पेला संपवून
मी वही उघडली. गुण काही सुचेनात.
लिहिलं: हनुवटीपर्यंत.
मग खाली, बारीक अक्षरात:
पुढच्या वर्षी खांद्यापर्यंत.