मानेजवळचा पिकअप

धुळ्यात साक्री रोडला हिलाल मिस्तरीचं दुकान.
बोरिंगच्या मोटारी तिथे उघड्या पोटानं पडलेल्या.
पाटीवर लिहिलंय: मोटार रिवायंडिंग. मॅग्नेट चार्ज करून मिळेल.
त्यातलं 'मिळेल' उन्हानं पुसलंय.

गिटार मी गोधडीत गुंडाळून नेली होती.
"कोनी शे?" त्यानं विचारलं.
"अण्णांची. झुलाल महाले. चांदरात ऑर्केस्ट्रा,
शिरपूर ते पिंपळनेर, लग्न असो की गणपती."
आठवल्यासारखी मान हलवली त्यानं.
आठवलं नसावं. तरी बरं वाटलं.

तारा नव्या घातल्या होत्या, वायर नवी,
तरी सूर यायचा
शेजारच्या घरात कुणी कुजबुजल्यासारखा.
मी म्हटलं, पत्र्याची खोली, आणि आपल्याकडचा मे महिना.
मिस्तरी हसला. "उनघाई चुंबक मरस नही. मानूस मरस.
कोठे ठेयेल व्हती?"

कुठे. डीजेच्या बेस-पेटीला टेकून, अकरा वर्षं.
चांदरात बुडाल्यावर अण्णा त्याच डीजेवाल्याकडे लागले,
वायरी गुंडाळायला, जनरेटरमध्ये डिझेल ओतायला.
पेटी आमच्या पडवीत मुक्कामाला असायची,
पाठीशी परातीएवढं चुंबक घेऊन.

"तिनीच खादं," मिस्तरी म्हणाला.
मग खडूनं फरशीवर बाण काढले, एकाच दिशेला तोंड केलेले पंधरा-वीस,
आणि त्यातले निम्मे पायानं पुसून
पुन्हा काढले, कसेही, कुणीकडेही.
"वरात फुटनी. बाकी काही नही."

तारा उतरवल्या, पत्रा उघडला.
तीन पिकअप, केसाहून बारीक तांब्यात गुरफटलेले.
टाचण्यांची डबी जवळ नेली.
पहिल्याला दोन चिकटल्या, दुसऱ्याला दोन,
मानेजवळच्याला एक, तीही तिरपी.

होकायंत्रानं त्यानं टोकं तपासली, शाईनं खुणा केल्या.
दिशा चुकली तर दोघं एकमेकांना कापतात म्हणे,
आवाज ताकासारखा पातळ होतो.
मग कोपऱ्यातलं यंत्र. स्वतः बनवलेलं:
मनगटाएवढी वेटोळी, ट्रकच्या चार बॅटऱ्या, एक खटका.
ठक्.
एवढंच. धूर नाही, ठिणगी नाही.
फक्त बाकावरचे नट बोटभर सरकले
आणि मिस्तरीनं घड्याळाचा हात पाठीमागे नेला.

पहिल्याला आता सात टाचण्यांची माळ.
दुसऱ्याला आठ.
तिसरा उचलला तेव्हा मी म्हणाले, थांबा.

चांदरात मी ऐकलेलीच नाही. मी मागून झाले.
मी ऐकलंय ते रात्री दीडनंतरचं,
अण्णा वरातीवरून यायचे, कानात अजून ती पेटी धडधडत असायची,
स्वतःचं वाजवणं त्यांना ऐकू यायचं नाही.
मग गिटारच्या लाकडाला हनुवटी टेकायचे
आणि बटण मानेकडे सारून
हाडानं ऐकायचे.
आई कूस बदलायची. कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही, इतकं हळू.

हे सगळं मिस्तरीला सांगितलं नाही.
"हा राहू द्या," एवढंच म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पिकअपकडे.
"जास्त भरं का तारले वढस बी," तो म्हणाला, जणू माझ्या बाजूनं बोलायला काहीतरी हवं म्हणून,
"एक सूरना दोन व्हतस."
दोघांचे एकशेवीस घेतले. पत्रा बसवला.
त्या तिरप्या टाचणीला आम्ही दोघांनीही हात लावला नाही.

घरी येऊन गोधडी सोडली तर टाचणी नव्हती.
रिक्षात कुठल्यातरी खड्ड्यावर सुटली असणार.
रात्री याच गोधडीवर पोरगी झोपणार,
म्हणून गिटार पालथी केली
आणि चौकोना-चौकोनावरून फिरवत राहिले,
हिरवं लुगडं, अण्णांचा धारीचा शर्ट, कुठलंसं परकराचं कापड,
हळू, कान लावून.

शर्टावर आले तेव्हा
टक्
असं काहीतरी झालं.