पिवळी पाटी

अर्जदार : व्हर्ना स्कारस्टाड, वय एक्क्याऐंशी.
क्षेत्र : अडतीस एकर, टॅमरॅक काउंटी, विस्कॉन्सिन.
सध्याचा वापर : शेती.
मागितलेला वापर : गोदामं.

नियम असा की सुनावणीच्या पंधरा दिवस आधी
पिवळी पाटी लावावी, रस्त्यावरून वाचता येईल अशी.
म्हणून मी, काउंटीची नियोजन-कारकून,
डिकीत हातोडा टाकून
मे महिन्यातल्या एका मंगळवारी तिथं गेले.

कडेच्या खडीत पहिली खुंटी टेकवली
तर पायाशी कुणीतरी किंचाळलं.
किलडिअर. टिटवीच्याच गोतातली.
मोडल्यासारखा एक पंख फरफटवत
ती दूर दूर निघाली,
ये, मला धर, म्हणत.
मी फसले नाही. खाली पाहिलं.
चार अंडी, खडीच्याच रंगाची,
माझ्या बुटापासून वीतभर.

पाटी बारा फूट पुढे ठोकली.
फाइलीत लिहिलं : ठरल्या जागी खडक लागला.

मग टेबलावरचं काम.
रोजची वाहनं : चारशे बारा.
मातीचा दर्जा : दोन, म्हणजे उत्तम.
सांडपाणी, उतार, विहिरीपासूनचं अंतर.
बिनशेती हा शब्द मोठा चतुर आहे,
काय उरणार नाही तेवढंच सांगतो.
काय येणार ते नकाशावर बघा,
फिक्या हिरव्यात एक लाल चौकोन.

सुनावणीला माणशी तीन मिनिटं.
हिरवा दिवा, मग तांबडा.
ड्वेन क्लुबर्टांझ पोटतिडकीनं बोलला,
रात्रभर दिवे जळतील, ट्रकचे भोंगे,
आमचं गाव गाव राहणार नाही.
त्याचं घर आहे तिथं वाटाण्याचं शेत होतं.
त्या फाइलीवर सही माझीच आहे.
मी पेन्सिलीला टोक काढत राहिले.

व्हर्ना काठी टेकत आली. एक मिनिटही घेतलं नाही.
"एकोणचाळीस हिवाळे पहाटे चारला उठून गाई पिळल्या.
ज्यांना माझी हिरवळ बघायला आवडते
त्यांनी माझा कर भरावा."
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं,
मग हसणं सगळीकडून आलं, आणि थांबलं.

शेवटचं नाव : माय न्या शाँग.
व्हर्नाच्या कडेचे सहा एकर ती खंडानं करते,
कागद नाही, दर शरदात हातावर हात.
विरोध आहे का, अध्यक्षांनी विचारलं.
नाही म्हणाली.
जमीन तिची आहे, तिनं विकावी.
"फक्त लसूण ऑक्टोबरात लावलाय.
तो जुलैच्या शेवटी निघतो.
तोवर थांबता येईल का?"

पाचही जण माझ्याकडे बघू लागले.
मी फॉर्म चाळला, पुढून मागून.
लसणाचा रकाना नव्हता.
दिवा अजून हिरवाच होता,
तिची दोन मिनिटं शिल्लक होती,
ती उभीच राहिली, ती संपेपर्यंत.

तीन विरुद्ध दोन. मंजूर, अटींसह.
दिव्यांना झाकण. रस्त्याकडेला चाळीस स्प्रूस.
अकरावी अट मी रात्री घातली होती :
एक ऑगस्टपूर्वी खोदकाम नको.
कारण : धुळीचं नियंत्रण.
कुणी विचारलं नाही.
पंख कुठून मोडलाय ते
एवढ्या लांबून कुणाला दिसतं?

जूनमध्ये पाटी काढायला गेले.
खडीत नुसता खळगा, कवचाची एक चकती.
पिल्लं जन्मल्या दिवशीच चालू लागतात म्हणे.
पलीकडे लसणाचे देठ वळसे घेत होते
आणि माय न्या ते एकेक खुडत होती.
तिनं वर पाहिलं नाही,
किंवा पाहिलं असेल, डोक्यावर टोपी होती.

पाटी डिकीत टाकली.
गुरुवारी दुसऱ्या ठिकाणी लावायचीय,
खडीच्या खाणीसाठी.
खुंट्यांची दोन भोकं राहिली.
एक बुटानं बुजवलं.
दुसऱ्यात पाणी होतं, त्यात काहीतरी हलत होतं,
ते तसंच ठेवलं.