थेंबांची खतावणी

नफीसा मुकादमांची लाँड्री अजमानमध्ये,
टायरवाल्या गल्लीच्या शेवटी, जिथे डांबर संपतं
आणि वाळू आपला हक्क सांगायला लागते.
मी तिथे हिशेब लिहितो. सहावं वर्ष.
आधी एका सिमेंटवाल्याकडे लिहायचो.
तिथे जमा आणि नावे एवढंच होतं,
रात्री झोप लागायची.

इथे पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या,
"पाण्याचं वेगळं खातं उघडा."
पाणी म्हणजे एसीचं.
समोरच्या नऊमजली इमारतीच्या पाठीवर
एकशे बारा नळ्या रात्रंदिवस थुंकत होत्या,
शेवाळाचा हिरवा ओघळ, खाली मांजरं.
बाईंनी पन्हळी लावल्या, टाक्या बसवल्या,
हर्णैला कौलांखाली लावतात तशाच, फक्त पीव्हीसीच्या.
ऑगस्टात दिवसाला दोन हजार लिटर.

त्या पाण्यात धुतले जातात बांधकामावरचे कव्हरऑल,
निळे, नारिंगी, पुठ्ठ्यासारखे कडक झालेले.
नगाला दीड दिरहम. कंपनी देते, कामगार नाही;
ही अट करारात ठळक अक्षरांत आहे, मीच टंकली.
आधी ही माणसं सुट्टीच्या दिवशी बादलीत धुवायची,
आठवड्यातला तो एक दिवस फेसात जायचा.
आता मोतालेब सुट्टीला नुसता झोपतो, दुपारपर्यंत, तोंड उघडं टाकून.
हे कुठल्या खात्यात लिहू, मी विचारलं होतं.
बाई म्हणाल्या, "लिहू नका. जाऊन बघून या."

नफा? आहे. लपवत नाही.
गेल्या वर्षी खर्च, घसारा, व्हॅट वजा जाता
एकतीस हजार दिरहम. बाईंनी अक्षरशः हात चोळले.
"पुण्य करायला नाही बसले मी," म्हणाल्या,
"पुण्यातून पगार निघत नाही सात तारखेला."

मग मार्चमध्ये इमारतीच्या मालकाचा माणूस आला,
पांढरीशुभ्र कंदुरा, फोनमध्ये आमच्या टाक्यांचे फोटो.
पाणी आमचं आहे, म्हणाला, अगदी नम्रपणे.
भिंत खराब करतं म्हणून परवापर्यंत ज्याची तक्रार होती
त्याला आज भाव आला होता.
भाव आणला कोणी? आम्हीच.
खजूर झाले, गावाचे तीन कप झाले,
चौथ्याला कप हलवून नको म्हणायचं असतं, ते मी विसरलो.
ठरलं ते असं: इमारतीचे सगळे पडदे वर्षातून दोनदा, फुकट,
आणि मागच्या भिंतीला रंग, आमच्या खर्चाने.
मी "पाणी खरेदी" असं नवं पान उघडलं.
नफा एकोणीस हजारांवर येईल, असा अंदाज काढून दिला.
बाईंनी कागदाची घडी केली, चष्म्याच्या डबीत ठेवली,
आणि गरम इस्त्रीखालून कुणाचा तरी खिसा सरळ केला.

एक गोष्ट मी त्यांना अजून विचारलेली नाही.
उन्हाळा जितका भाजतो, तितक्या आमच्या टाक्या भरतात.
डिसेंबरात लोक खिडक्या उघडतात, गच्चीवर पोरं पतंग काढतात,
आणि आम्ही तोंड पाडून टँकरला फोन लावतो.
म्हणजे आम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?
पारा अठ्ठेचाळीसवर गेला की
माझ्या आतला एक मुनीम खूश होतो.
मला त्याची लाज वाटते.
त्याला वाटत नाही.

रात्री खोलीतल्या एसीच्या नळीखाली मीही बाटली लावतो.
सकाळी ती पिशवीत घालून लाँड्रीत नेतो, दीड लिटर.
बाई पावती फाडतात. खरंच. नाव, तारीख, माप.
अशा दोनशे चौदा पावत्या आहेत माझ्या खणात.
परवा ऑडिटरने गठ्ठा उचलून विचारलं, ही काय भानगड?
मी म्हटलं, किरकोळ.