हा आणि यापुढचे

नीलांबिका टीचर आता गुरुवारी येणार, साडेसातला.
अनगोळ नाक्यावर, दुकानाचं शटर अर्धं ओढून
फोनमधला मंगळवार मी बोटानं सरकवला,
तर त्यानं कानडीत विचारलं:
हाच? हा आणि यापुढचे? की सगळे?

सगळे म्हटलं तर मागचेही हलतील की.
मग लाईट गेली तेव्हा टॉर्चच्या उजेडात
गिरवलेला तो ऱ्हस्व ए,
जो आपल्यात नाहीच,
कुठल्या वारचा म्हणायचा?
आणि टीचर आल्याच नाहीत,
मी वही उघडून नुसती बसलेले,
तो मंगळवार?

मधलं दाबलं.
मागचे एकेचाळीस जागच्या जागी. सहा वाजताच.

शटर वर करताना ध्यानात आलं,
प्रश्न अख्खा मीच वाचला.
टीचरना सांगायला हवं.
गुरुवारी.