एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक

गायधनी बाईंचा फोन आला तेव्हा मी त्र्यंबक नाक्याला
खोदलेल्या रस्त्याच्या कडेनं गाडी ढकलत होतो.
"नेट गेलंय. आणि साडेअकराला प्रतिज्ञापत्र द्यायचंय."
म्हटलं, जेसीबीनं वायर तोडली असणार.
या शहरात निम्मे आजार जेसीबीचेच.

कोर्टासमोर, जिन्याखाली, सहा बाय आठचं दुकान.
बाई अजून कीबोर्डवर
टाइपरायटरच्या जोरानं बोटं आपटतात;
दर दिवाळीला मी स्पेसबार बदलून देतो.

राउटरचे दिवे हिरवे.
वायर काढली, फुंकली, घातली.
शेजारी झेरॉक्सवाल्या अन्वरकडे नेट धो धो.
काळ्या खिडकीत पिंग टाकून पाहिलं:
चार गेले, चार परत आले.
म्हणजे रस्ता आहे.
मग ब्राउझर का म्हणतोय
की जग सापडत नाही?

"काही नवीन टाकलंत यात?"
बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
"एका वकिलाच्या मुलानं पेनड्राइव्हवर फॉन्ट दिला होता.
फुकट होता. पण सुबक हो फार,
त्यातला ळ तर असा..."
आणि हवेत बोटानं त्यांनी ळ काढून दाखवला.

त्या ळच्या पोटात बसून कोणीतरी आत आलं होतं.
परवा रात्री अँटिव्हायरसनं त्याला धरलं, संपवलं,
सकाळी पाटी लावली: तुमचा संगणक सुरक्षित आहे.
तेव्हापासून सगळं ठप्प.

सेटिंगच्या तिसऱ्या पानावर सापडलं.
आल्या आल्या त्यानं लिहून ठेवलं होतं,
बाहेर जे जाईल ते माझ्या हातून जाईल.
तो गेला. लिहिलेलं राहिलं.
आणि हे इमानी यंत्र
प्रत्येक पत्र अजून त्याच्याच हातात ठेवायला जातं,
पत्ता एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक,
म्हणजे आपलंच घर.
आपल्याच दारावर टकटक करायची,
आतून कोणी ओ देत नाही
म्हणून समजायचं, जग बंद आहे.

चौकटीत एक खूण होती. काढली.
पान उघडलं.
"एवढंच?"
"एवढंच."

मग पूर्ण तपासणी लावली, फॉन्ट उडवला
(बाई तेवढा वेळ रस्त्याकडे बघत होत्या),
म्हटलं, बँकेचा पासवर्ड बदलून घ्या,
पण यावर नको, माझ्या लॅपटॉपवर.

तेव्हा ड्रॉवरमध्ये काहीतरी थरथरलं.
बटणांचा जुना फोन, रबरबँड लावलेला,
चार्जरची वायर मागच्या भोकातून आत घेतलेली.
"ओटीपी यांच्याच नंबरवर येतो."
वर फोटोत हे,
चंदनाच्या हारावर तीन वर्षांची धूळ.
"रिचार्ज मारते न चुकता.
हा बंद पडला तर माझंच खातं मला उघडायचं नाही."
सहा आकडे त्यांनी मोठ्यानं वाचले,
आतल्या खोलीतून आलेला निरोप सांगावा तसे.

माझ्या जिभेवर आलं होतं,
शाखेत एक अर्ज भरतात, एका पानाचा...
बाईंनी माझ्याकडे पाहिलं,
आणि काउंटरवरच्या गठ्ठ्यातून एक कोरा नमुना
दोन बोटांनी वर ओढला.
"हाच ना? वीस रुपयांना विकते मी.
महिन्याला दहा-बारा बायका येतात.
त्यांचा फोन नंबर बदलून देते."
कागद पुन्हा गठ्ठ्यात, कडा ठोकून सरळ.

साडेतीनशे झाले होते. पाचशेला सुटे नव्हते,
अन्वरकडून आणले.
येईपर्यंत वकील आलेला,
आणि बाई सुरू झालेल्या:
मी, खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर...
स्पेसबार खणखणत होता.
हा दिवाळीपर्यंत टिकत नाही.

ड्रॉवर अर्धवट उघडाच होता.
वायर चेपू नये म्हणून.