चेन

भुसावळच्या आठवडे बाजाराच्या कडेला,
जिथे छत्री, स्टोव्ह आणि कुकरची शिट्टी
एकाच माणसाकडे दुरुस्त होते,
सुभान तडवीने माझी सॅक मांडीवर घेतली
आणि आधी तिचा वास घेतला.
मे महिना. टपरीच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.
"कुढी कुढी गेल्ती ही?"
लांब, मी म्हणालो.
"ते दिसूनच राह्यलं. उजवा पट्टा पार झिजला.
एकाच खांद्यावर टाकत असशीन."

खरंय.
डावा खांदा लोकेश फिरकेचा होता.
रात्रीच्या बसमध्ये, ड्रेस्डेन ते प्राग,
तोंड उघडं टाकून त्यावर झोपायचा.

लोकेश, यामिनी वारके, शोएब पिंजारी आणि मी.
एकोणीस दिवस, सहा शहरं,
आणि एक वही, जिच्यात यामिनी
पाण्याच्या बाटलीचासुद्धा चौथा हिस्सा लिहायची.
व्हिएन्नात संग्रहालयाचं तिकीट वाचलं
आणि बाहेरच्या पायऱ्यांवर बसून बिबड्या खाल्ल्या.
एवढा कुडुम कुडुम आवाज, की कबुतरं उडाली.

बुडापेस्टला स्टेशनवरच रात्र काढायची ठरली
तेव्हा मात्र आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती.
जंक्शनची पोरं आम्ही.
खांब कुठला धरायचा, वारा कुठून येणार,
पहिली झोप कोणाची, कोणाच्या डोक्याखाली कोणाची बॅग,
सगळं पाठ.
दीड वाजता पोलीस आला,
हातानेच सांगितलं, उठा, स्टेशन बंद होतंय.
बंद?
स्टेशन बंद होतं, ही गोष्ट
शोएबला अजून पटलेली नाही.
आता तो इथल्याच लोको शेडमध्ये आहे,
रात्रपाळीला मुद्दाम फोन करून
मला मागची अनाउन्समेंट ऐकवतो.

क्राकोच्या दुकानात केळी होती.
प्रत्येक केळ्यावर निळं लेबल, टिकलीएवढं.
लोकेशने फणी उचलली, देठ दाबला.
सावद्याला त्याच्या घरी तीन पिढ्या केळीच्या गाड्या भरतात.
"घाईनं पिकवली," म्हणाला,
आणि परत ठेवताना पालथी ठेवली,
डाग पडू नये म्हणून घरी ठेवतात तशी.
मग शेजारची फणी. मग तिच्या शेजारची.
दुकानातली बाई बघत राहिली.
पुढे दोन तास तो काही बोलला नाही
आणि आम्हीही, नेहमी एवढी बडबड करणारे,
नदीकाठाने त्याच्या मागे मागे चालत राहिलो.
वहीत त्या तारखेला यामिनीने लिहिलंय:
केळी. घेतली नाहीत.

वही तिच्याकडेच आहे.
शेवटच्या पानावर माझ्या नावापुढे साडेअकरा युरो बाकी.
मी देत नाही.
तीही मागत नाही.

तोवर सुभानने जुनी चेन उसवली होती.
शिवणीतून तीळ निघाले, लसणाच्या चटणीचा लाल चुरा,
आणि एक नाणं.
त्याने ते उन्हात धरलं.
"याचं काय येतं?"
इथे काही नाही.
"अन् तढी?"
तिथेही जवळपास काहीच नाही.
तो हसला, खाली वाकला,
आणि शिवणयंत्राचा जो पाय कधीपासून डुगडुगत होता
त्याच्याखाली नाणं सरकवलं.
पायटा मारून पाहिला.
यंत्र हललं नाही.

"आता कुढी चालली?"
मित्राची बहीण नेणार आहे. ऑक्टोबरात. शिकायला.
त्याने नवी चेन दोनदा वर-खाली केली,
सॅक माझ्याकडे दिली, पुन्हा मागून घेतली,
आणि उजव्या पट्ट्यावर दुहेरी टाके घातले.
"चेनीचे साठ.
पट्ट्याचं राहू दे. तिले सांगजो,
दोन्ही खांद्यावर घे."

सांगतो, म्हणालो.
रिकामी सॅक उचलली
आणि उजव्या खांद्यावर टाकली.